एक्सचेंजला कोरियात: आधी कार्ड-नंबर-खातं, मग मनसोक्त सोल

कोरियातलं एक्सचेंज सेमिस्टर म्हणजे हातात जेमतेम चार महिने. वसंतातलं सत्र मार्चच्या सुरुवातीला उघडतं आणि जूनच्या उत्तरार्धात संपतं. शरदातलं सप्टेंबरला सुरू होऊन डिसेंबरच्या मध्यात आटोपतं. मध्ये सातव्या-आठव्या आठवड्यात मिडटर्म येतात. फिरायला उरणारे शनिवार-रविवार फार नसतात, म्हणून कागदपत्रांचं काम लांबवायचं नाही. तिथे निवास कार्ड, मोबाईल नंबर आणि बँक खातं ही तिन्ही कामं एकमेकांत अडकलेली आहेत. त्यांचा क्रम नीट लावला की पुढचं सगळं सोपं जातं, आणि या लेखाचा पहिला भाग त्यासाठीच आहे. कागदपत्रांचा कंटाळा असला तरी तो भाग गाळू नका.

निघण्यापूर्वी

एक्सचेंजच्या विद्यार्थ्यांना डी-२ प्रकारचा व्हिसा मिळतो. त्यासाठी क्षयरोगाची तपासणी लागते आणि ती कोरियन दूतावासाने नेमलेल्या रुग्णालयातूनच करून घ्यावी लागते. फॅमिली डॉक्टरांचा दाखला चालत नाही. अनेक होस्टेलंही प्रवेशाच्या वेळी असाच दाखला मागतात, त्यामुळे मूळ अहवालाच्या दोन-तीन प्रती जवळ ठेवा.

भारतातलं सिम बंद करू नका. आपल्या बँकेचे ओटीपी त्यावरच येणार, तेव्हा निघण्याआधी परदेशात एसएमएस येण्याची सोय सुरू करून घ्या. कोरियातला वीजदाब २२० व्होल्ट, म्हणजे जवळपास आपल्याइतकाच आहे, पण सॉकेट गोल दोन पिनांचं. मोबाईल चार्जरची बारीक दोन पिन बहुतेक ठिकाणी बसते, लॅपटॉपची जाड तीन पिन बसत नाही. त्यासाठी एक अडॅप्टर पुरे.

खाण्यापिण्याचं सामान नेताना मसाला, मेतकूट, भाजणी, लोणचं, पोहे असं कोरडं आणि सीलबंद न्या. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता आणि मांसाचे पदार्थ विमानतळावरच्या तपासणीत अडकतात.

हंगुल लिपी मात्र विमानात बसण्याआधी शिकाच. राजा सेजोंगने १४४६ साली ती लोकांसाठी जाहीर केली ती सोपी व्हावी म्हणूनच. दोन-तीन संध्याकाळी बसलात तर अक्षरं लागायला लागतात. अर्थ कळला नाही तरी स्थानकाची पाटी, मेन्यूवरचा पदार्थ आणि बसचा थांबा वाचता येतो. पहिल्या आठवड्यात त्याचा किती आधार वाटतो ते तिथे गेल्यावरच कळेल.

पहिला आठवडा

इंचन विमानतळावरून सोल स्टेशनला एअरपोर्ट रेल्वे जाते. प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या गाडीने साधारण तासभर लागतो. तीच घ्या, एक्सप्रेसच्या जादा पैशांत वाचतात ती जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. विमानतळावरच पासपोर्टवर मिळणारं प्रीपेड सिम घ्या आणि तिथल्याच कन्व्हीनियन्स स्टोअरमधून टीमनी कार्ड. हे कार्ड बस, मेट्रो आणि बऱ्याच दुकानांत चालतं. ते भरायला बहुतेक ठिकाणी रोख पैसे लागतात, म्हणून थोडी रोकड जवळ असू द्या. हिशेबाला हजार वॉन म्हणजे साधारण ६० रुपये धरा.

फोनमध्ये चार ॲप हवीत: रस्त्यांसाठी नेव्हर मॅप, गप्पा आणि वर्गाच्या ग्रुपसाठी काकाओटॉक, भाषांतरासाठी पापागो, टॅक्सीसाठी काकाओ टी. गुगल मॅप्सवर विसंबून कोरियात फिरू नका. नेव्हरवर मेट्रोच्या कुठल्या डब्यात बसलं तर जिना जवळ पडेल आणि कुठल्या क्रमांकाच्या दारातून बाहेर पडायचं इथपर्यंत सगळं दिसतं.

विद्यापीठाने बडी म्हणून स्थानिक विद्यार्थी जोडून दिला असेल तर त्याला पहिल्याच आठवड्यात भेटा. क्लबांची भरती सत्राच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होते, नंतर दारं बंद. एका तरी क्लबात नाव घाला. नाहीतर सगळे चार महिने इतर परदेशी विद्यार्थ्यांतच जातात.

नाव, कार्ड, नंबर, खातं

९० दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्याला कोरियात आल्यापासून ९० दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करून निवास कार्ड घ्यावं लागतं. वेळ इमिग्रेशनच्या हायकोरिया या संकेतस्थळावर आधी राखून ठेवायची असते, आणि सत्राच्या सुरुवातीला या वेळा झपाट्याने भरतात. काही विद्यापीठं सगळ्यांचे अर्ज एकत्र देतात. तुमच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला पहिल्याच दिवशी हे विचारा. पासपोर्ट, अर्ज, फोटो, प्रवेशाचा दाखला, राहत्या जागेचा पुरावा आणि शुल्क एवढं लागतं. बोटांचे ठसे देऊन आलात की कार्ड हातात पडायला काही आठवडे जातात. तोवर देशाबाहेर जाऊ नका. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर बाहेर पडताच तो संपतो.

आता आपल्या मराठी नावांचा खास मुद्दा. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे बरेचदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. कोरियात आडनाव आधी आणि मग बाकीचं, असं सगळं इंग्रजी मोठ्या अक्षरांत एका ओळीत लिहितात. आपली ओळ लांबते आणि फॉर्मच्या रकान्यात मावत नाही. मग एखादा कर्मचारी मधलं नाव गाळतो, दुसरा दोन शब्दांतली जागा काढून टाकतो. तिथली ऑनलाईन ओळखपडताळणी मोबाईल कंपनीकडच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवते. एक जागा कमी-जास्त झाली तरी ती फेटाळली जाते, आणि खरेदीपासून तिकिटांपर्यंत सगळं अडतं.

म्हणून मोबाईलच्या दुकानात आणि बँकेत कर्मचारी नाव टाईप करत असताना स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा. निवास कार्ड समोर धरा आणि त्यावर आहे तसंच, त्याच क्रमाने, त्याच जागा सोडून नाव पडलंय का ते बघा. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते, नंतर मात्र हेलपाटे घालावे लागतात.

क्रम असा ठेवा. आधी निवास कार्ड. ते आलं की त्यावर मोबाईल नंबर स्वतःच्या नावे करून घ्या. मग बँक खातं. काही बँका पासपोर्टवरही खातं उघडतात, पण कार्ड आल्यावर तिथे पुन्हा जाऊन माहिती बदलावीच लागते. नव्या खात्यावर व्यवहारांची मर्यादा असते. विद्यार्थ्याच्या खर्चाला ती पुरते, पण मोठी रक्कम भरायची असेल तर आधी विचारा.

आणखी दोन गोष्टी. २०२१ च्या मार्चपासून परदेशी विद्यार्थ्यांनाही राष्ट्रीय आरोग्य विमा सक्तीचा आहे. नोंदणी झाली की दरमहा बिल यायला लागतं, ते खर्चात धरा. आणि परवानगीशिवाय पार्ट-टाइम काम करू नका, मग ते ओळखीच्या कॅफेत चार तासांचं का असेना. इमिग्रेशनची परवानगी आधी, काम नंतर. शंका असेल तर १३४५ हा त्यांचा माहिती क्रमांक इंग्रजीतही बोलतो.

होस्टेल आणि कचरा

खोलीत इंडक्शन किंवा कुकर लावायला बहुतेक होस्टेलांत मनाई असते. सामायिक स्वयंपाकघर असेल तर नशीब. फरशी खालून तापवायची ओंदोल पद्धत सगळीकडे आहे. डिसेंबरमध्ये बाहेर शून्याखाली असलं तरी खोलीत टी-शर्टवर बसता येतं. चादरी, हँगर, चप्पल, डबे दाइसो या स्वस्त वस्तूंच्या दुकानातून घ्या, तिथे कुठलीच वस्तू ५,००० वॉनच्या वर नसते.

कचऱ्याचं मात्र मनापासून शिकून घ्या. १९९५ पासून देशभर सामान्य कचरा ठरावीक पिशव्यांतूनच टाकावा लागतो. त्या प्रत्येक प्रभागाच्या वेगळ्या असतात आणि जवळच्या कन्व्हीनियन्स स्टोअरमध्ये मिळतात. अन्नाचा कचरा वेगळा, आणि अन्न म्हणजे जनावराला खाता येईल ते. त्यामुळे अंड्याची टरफलं, हाडं, कांद्याची सालं अन्नात न जाता सामान्य कचऱ्यात जातात. पाण्याच्या पारदर्शक बाटलीचं लेबल काढायचं, ती चेपायची आणि वेगळ्या डब्यात टाकायची. खाली राहणाऱ्या आजींना या गोष्टींची मनापासून काळजी असते. तुम्ही नीट केलंत तर त्या तुम्हाला ओळखायला लागतात.

बस आणि मेट्रो

२०२५ च्या जूनपासून सोल मेट्रोचं कार्डाने किमान भाडं १,५५० वॉन आहे आणि शहरातल्या साध्या बसचं १,५००. खरी बचत आहे ती गाडी बदलण्यात. बसमधून उतरून ३० मिनिटांत मेट्रोत किंवा दुसऱ्या बसमध्ये चढलात तर पुन्हा मूळ भाडं लागत नाही, आणि रात्री ९ ते सकाळी ७ ही मुदत तासाभराची होते. पण त्यासाठी बसमधून उतरतानाही कार्ड टेकवावं लागतं. पुढच्या दाराने चढताना एकदा, मागच्या दाराने उतरताना एकदा.

चुकून समोरच्या दिशेच्या फलाटावर शिरलात तर घाबरू नका. बाहेर पडून १५ मिनिटांत त्याच स्थानकात पुन्हा आत गेलं तर सोल मेट्रोच्या बहुतेक मार्गांवर दुसऱ्यांदा भाडं कापत नाहीत.

बस-मेट्रोने हवं तितकं फिरायच्या ३० दिवसांच्या पासाची, म्हणजे क्लायमेट कार्डाची जाहिरात सगळीकडे दिसेल, साधा पास ६२,००० वॉनचा. हिशेब करूनच घ्या: १,५५० च्या भावाने ४० फेऱ्या झाल्या तरच तो फिटतो. होस्टेल कॅम्पसवर असेल आणि तुम्ही फक्त शनिवार-रविवारी बाहेर पडत असाल तर टीमनीच बरं. रोज मेट्रोने कॉलेज गाठणाऱ्यांनी मात्र नक्की घ्यावा.

डब्याच्या टोकाच्या जागा ज्येष्ठांच्या. त्या रिकाम्या असल्या तरी तरुण तिथे बसत नाहीत. गुलाबी जागा गरोदर बायकांसाठी. फोनवर हळू बोला. झाकण नसलेला कॉफीचा पेला घेऊन बसमध्ये चढू देत नाहीत. शेवटची मेट्रो मध्यरात्रीच्या आसपास जाते. त्यानंतर एन अक्षराने सुरू होणाऱ्या रात्रीच्या बस आहेत. टॅक्सीचं भाडं रात्री १० पासून चढतं आणि ११ ते २ च्या दरम्यान सर्वात महाग असतं.

जेवण, विशेषतः शाकाहारींसाठी

मांसाहारी असाल तर कोरियात तुमची चंगळ आहे. विद्यापीठाच्या मेसमध्ये पोटभर जेवण बाहेरच्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांना १,००० वॉनमध्ये सकाळचा नाश्ता देण्याची योजना आहे. मोजकीच ताटं असतात, लवकर उठून रांगेत उभं राहा.

हॉटेलात शिरल्यावर काटे-चमचे दिसले नाहीत तर टेबलाच्या कडेला हात घाला, बहुतेक वेळा तिथे खण असतो आणि त्यात चमचे, चॉपस्टिक्स, नॅपकिन असतात. पाणी स्वतः आणायचं. बाजूच्या छोट्या वाट्यांतल्या पदार्थांना वेगळे पैसे नाहीत आणि ते पुन्हा मागता येतात. वाढप्याला बोलवायला टेबलावर घंटा असते, नसेल तर "योगियो" म्हणा. टिप द्यायची पद्धत नाही. भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचू नका, ते मृतांच्या विधीची आठवण करून देतं. मोठ्यांना पेय ओतताना किंवा त्यांच्याकडून काही घेताना दोन्ही हात वापरा. मांस भाजायच्या बऱ्याच ठिकाणी कमीत कमी दोन जणांचं मागवावं लागतं, तिथे सोबत घेऊनच जा.

शाकाहारींनी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी: कोरियात खरी अडचण रश्श्यात आहे, ताटात दिसणाऱ्या तुकड्यात नाही. सुपाचा, नूडल्सचा, अगदी साध्या भाजीचा आधारही बरेचदा सुक्या मासळीच्या पाण्याचा असतो. किमचीत आंबवलेली कोळंबी किंवा मासळीचा रस असतो. तोकबोक्की, म्हणजे तिखट रश्श्यातले तांदळाच्या पिठाचे लांबट गोळे, नुसत्या तांदळाची दिसते, पण तिच्यातही मासळीचं पाणी आणि फिशकेक असतात. त्यामुळे "मांस नको" एवढं सांगून भागत नाही.

उपयोगी पडणारं वाक्य: पदार्थाचं नाव आणि पुढे "पे जुसेयो", म्हणजे "ते काढून द्या". मांसाला कोगी, हॅमला हेम, फिशकेकला ओमुक, अंड्याला क्येरान म्हणतात. किंबाप म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेला भाताचा रोल. त्याच्या दुकानात रोल समोरच वळतात, तिथे "हेम, ओमुक, क्येरान पे जुसेयो" म्हटलं की गाजर, पालक, मुळा घालून रोल देतात. बिबिंबाप (भाज्या घातलेला भात) मागवताना कोगी काढायला सांगा आणि तिखट चटणी वेगळ्या वाटीत मागा, कारण काही ठिकाणी त्या चटणीतच खिमा परतलेला असतो. उन्हाळ्यात सोयाबीनच्या गार दुधातल्या नूडल्स मिळतात, त्यांना कोंगगुक्सू म्हणतात. भोपळ्याची खीर होबाकजुक आणि गोड सारणाची होत्तोक हेही चांगले पर्याय. इन्स्टंट नूडल्समध्ये नोंगशिमचं सून आणि ओत्तोगीचं छेह्वांग ही दोन पाकिटं मांसाशिवायची आहेत. एकदा नीट खायचं असेल तर जोग्येसा मंदिराजवळ बौद्ध मठातलं जेवण देणारं बालू गोंगयांग आहे. महाग आहे, पण आईबाबा भेटायला आले तर त्यांना तिथेच न्या.

डाळ, कणीक, मसाल्यांसाठी इतेवॉनला जा. १९७६ साली उघडलेल्या सोल सेंट्रल मशिदीच्या उतारावर भारतीय-पाकिस्तानी-बांगलादेशी सामानाची दुकानं आहेत.

कन्व्हीनियन्स स्टोअरमधला त्रिकोणी किंबाप मासे खाणाऱ्यांचा खरा मित्र. त्यात ट्यूना-मेयो सर्वात लोकप्रिय. उघडायचं तंत्र आहे. वेष्टनावर १, २, ३ आकडे असतात. वरच्या टोकाची १ ची पट्टी खाली ओढून पार मागे न्यायची, म्हणजे वेष्टन मधोमध दुभंगतं. मग २ आणि ३ ची टोकं धरून दोन्ही बाजूंना सरळ ओढायची. समुद्री शेवाळाचा कागद आतल्या दोन प्लास्टिकांमध्ये कोरडा ठेवलेला असतो, तो त्या क्षणी भाताला चिकटतो आणि पहिला घास कुरकुरीत लागतो. कोपरे आधी उघडले तर शेवाळ प्लास्टिकबरोबर निघून येतं.

सोलमध्ये फिरताना

एका दिवसात एकच भाग, हा माझा आग्रह. सोल प्रचंड आहे. सकाळी राजवाडा, दुपारी गंगनम आणि संध्याकाळी होंगदे असं केलंत तर निम्मा दिवस मेट्रोच्या जिन्यांवर जातो.

राजवाड्यांसाठी वार बघा. १३९५ साली उभारलेला ग्योंगबोकगुंग मंगळवारी बंद, चांगदोकगुंग आणि देओक्सुगुंग सोमवारी. ग्योंगबोकगुंगचं तिकीट ३,००० वॉन, आणि हानबोक हा पारंपरिक पोशाख घालून गेलात तर फुकट. पहारा बदलण्याचा सोहळा सकाळी १० ला आणि दुपारी २ ला असतो. शेजारच्या बुकचोन गावातल्या जुन्या घरांत लोक राहतात, म्हणून मुख्य गल्ल्यांत पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढ्याच वेळात जाता येतं. बाकीच्या वेळी २०२५ च्या मार्चपासून दंड लागू आहे. तिथे आवाज खाली ठेवा.

पावसाच्या दिवसासाठी इचोन स्थानकाजवळचं राष्ट्रीय संग्रहालय राखून ठेवा, कायमचं प्रदर्शन फुकट आहे.

मला सोलमधली सर्वात आवडती वाट मात्र तटबंदीची. १३९६ च्या सुमाराला बांधलेली हानयांग नगराची भिंत १८.६ किलोमीटरची आहे आणि तिचे बरेच पट्टे चालण्याजोगे आहेत. सुरुवात नाकसान टेकडीवरच्या तुकड्याने करा. चार नंबरच्या लाईनवर हानसंग विद्यापीठ स्थानकाला उतरायचं, ह्येह्वामुन दरवाज्यासमोरून भिंतीलगत चढायचं. सूर्यास्ताच्या तासभर आधी निघा. चढ सोपा आहे, चप्पल घालूनही जमतो. एका हाताला दगडी भिंत. खालचे दगड ओबडधोबड आणि वरचे चौकोनी कापलेले, कारण वेगवेगळ्या राजांनी ती वेगवेगळ्या काळात दुरुस्त केली. दुसऱ्या हाताला उतरत्या घरांची छपरं, गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या, आणि पलीकडे नामसानचा टॉवर. माथ्यावर बसून दिवे लागताना बघा आणि मग दोंगदेमुनच्या बाजूला उतरा. साधारण दोन किलोमीटरची वाट आहे. खाली चांगशिनदोंगमध्ये नेपाळी जेवणाची बरीच छोटी हॉटेलं आहेत. डाळ-भात, भाजी, लोणचं, आणि डाळ पुन्हा वाढतात. घरची आठवण दाटून आली असेल त्या आठवड्यात ही वाट जरूर करा.

हान नदीचे बगीचे मे आणि ऑक्टोबरमध्ये सुंदर असतात. यॉइदोला कन्व्हीनियन्स स्टोअरमधल्या यंत्रावर नूडल्स शिजवून घ्या, चटई पसरा आणि बसा. त्तारुंगी ही भाड्याची सायकल तासाला १,००० वॉन. एप्रिल ते ऑक्टोबर बानपो पुलावरून रंगीत कारंजी उडतात.

ग्वांगजांग बाजारात मुगाच्या डाळीचे जाड धिरडे तव्यावर तळतात, त्याला बिनदेत्तोक म्हणतात. डाळ तिथेच जात्यावर दळतात. शाकाहारींनी पिठात मांस घातलंय का ते विचारूनच घ्यावं.

सोलबाहेर

पहिली सहल सुवनची करा. एक नंबरच्या लाईनने टीमनीवरच जाता येतं, सोल स्टेशनपासून तासाभराची वाट. राजा जोंगजोने १७९४ ते १७९६ मध्ये बांधलेला ह्वासोंग किल्ला युनेस्कोच्या यादीत आहे. पावणेसहा किलोमीटरची तटबंदी, बुरुज, पाण्यावरचा दरवाजा. सह्याद्रीतले किल्ले बघून गेलेल्याला शहराच्या मधोमध असा अख्खा, नांदता किल्ला बघताना फार बरं वाटतं.

दोन रात्री मिळाल्या तर बुसान किंवा ग्योंगजू. बुसानला केटीएक्स या वेगवान रेल्वेने साधारण अडीच-तीन तास आणि ५९,८०० वॉन. मुगुंगह्वा गाडी निम्म्या पैशांत जाते पण पाच तासांवर घेते, एक्सप्रेस बस या दोन्हींच्या मधली. बुसान आणि ग्योंगजू यांतलं एकच निवडायचं तर मी ग्योंगजू निवडेन. शिला नावाच्या प्राचीन राज्याच्या राजांचे गवताने झाकलेले दफनटेकाड शहरातच आहेत, त्यांच्यामधून सायकलने हिंडता येतं, आणि बुल्गुक्सा मंदिर बसच्या अंतरावर आहे.

छुसोक (शरदातला सुगीचा सण) आणि सोल्लाल (चांद्र नववर्ष) या दोन मोठ्या सणांत अख्खा देश गावी जातो. तेव्हा गाड्यांची तिकिटं फार आधी संपतात आणि बरीच दुकानंही बंद असतात. त्या दिवसांत सोलमध्येच राहा. राजवाडे बहुधा फुकट खुले असतात आणि रस्ते शांत.

अडचण आली तर

पोलीस ११२, रुग्णवाहिका आणि आग ११९, पर्यटन मदत १३३०. भारतीय दूतावास सोलच्या हान्नामदोंग भागात आहे. साध्या तापाला थेट मोठ्या रुग्णालयात न जाता गल्लीतल्या छोट्या दवाखान्यात जा, विमा असला की खर्च किरकोळ येतो. वसंतात धुळीचे दिवस येतात, तेव्हा मास्क लावा. घरी फोन करताना लक्षात ठेवा, कोरिया भारताच्या साडेतीन तास पुढे आहे. तिथे रात्रीचे साडेदहा म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सात.

परत येताना

शेवटच्या आठवड्यात परीक्षा आणि निरोप यांत ही कामं मागे पडतात, म्हणून दोन आठवडे आधी सुरुवात करा. होस्टेलची अनामत कुठल्या खात्यात परत येणार ते विचारा. ती यायच्या आत बँक खातं बंद करू नका. मोबाईल नंबर सर्वात शेवटी बंद करा, कारण बँकेची पडताळणी त्याच नंबरवर होते. आरोग्य विम्याची थकबाकी भरा. ट्रान्स्क्रिप्ट कधी आणि कुठल्या पत्त्यावर येईल ते आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून लिहून घ्या, आपल्याकडच्या विद्यापीठात क्रेडिट मिळवायला तेच लागतं. उरलेल्या कचऱ्याच्या पिशव्या आणि भांडी पुढच्या सत्राच्या विद्यार्थ्यांना द्या. टीमनीतले थोडे पैसे कन्व्हीनियन्स स्टोअरमध्ये किरकोळ शुल्क कापून परत मिळतात. निवास कार्ड मात्र खिशातच ठेवा, ते विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीवर परत करायचं असतं.